विद्यार्थ्यांचे संशोधनलेखन आणि समाजाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मोखाडा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात मागील पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव होणे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर पुढील काळात कोणते काम हाती घ्यावे याचा विचार होणेही तितकेच अगत्याचे असते. शिक्षणासाठी साहाय्य म्हटले की वह्या-पुस्तके, गणवेश, शुल्क आणि वसतिगृह या गोष्टी चटकन डोळ्यांसमोर येतात. दानशूर समाजाने त्या कधी कमी पडू दिल्या नाहीत. परंतु विद्यार्थी महाविद्यालयात पोहोचल्यावर त्याला एका वेगळ्याच साहाय्याची गरज भासते, आणि ती पैशाने भागत नाही. ही गरज आहे अभ्यास कसा करावा, प्रश्न कसा मांडावा आणि जे पाहिले ते प्रामाणिकपणे कसे लिहावे हे शिकवणाऱ्या मार्गदर्शकाची. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, ग्रामीण विकास अशा विषयांच्या विद्यार्थ्यांना ही उणीव विशेष जाणवते. आजच्या व्याख्यानाचा हाच विषय आहे.

मोखाड्यात रयत शिक्षण संस्थेचे आणि जव्हार येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे. ज्या घरात यापूर्वी कोणी दहावीही उत्तीर्ण झाले नव्हते, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज पदवीच्या वर्गात बसते, ही लहान गोष्ट नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिले आहे. पदव्युत्तर वर्गात तर प्रबंधिका, प्रकल्प अहवाल हे शब्द रोजचेच आहेत. आता विद्यार्थ्यावर प्रकल्प लिहिण्याची वेळ येते तेव्हा काय घडते ते पाहावे. ‘मोखाडा तालुक्यातील कुपोषण : एक चिकित्सक अभ्यास’ असे भारदस्त शीर्षक ठरते. संगणकाच्या दुकानात मागील वर्षाचा कोणाचा तरी अहवाल मिळतो. शीर्षक, नाव आणि वर्ष बदलले की काम झाले. अलीकडे त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे; विषय सांगताच क्षणार्धात वीस पाने हाती पडतात. गुणही मिळतात, आणि कोणाचे काही बिघडले असे वाटत नाही.

बिघडते ते फार खोलवर. अशा उसन्या पानांवर अनेकदा ‘हा समाज अज्ञानी, व्यसनी व अंधश्रद्धाळू आहे’ अशा आशयाची वाक्ये असतात. वारली किंवा कातकरी घरातील मुलगी ती वाक्ये स्वतःच्या हाताने उतरवून घेते, आणि आपण आपल्याच आई-वडिलांविषयी हे लिहीत आहोत याचे तिला भानही राहत नाही. अशा वेळी मार्गदर्शकाने एवढेच विचारावे, ‘‘बाळ, हे वाक्य तुझ्या वडिलांना लागू पडते का? पडत नसेल, तर तू ते का लिहिलेस?’’ संशोधनाचे शिक्षण या प्रश्नापासून सुरू होते.

इतरांनी लिहिलेला प्रदेश

जव्हार-मोखाड्याविषयी लिहिले गेले नाही असे मुळीच नाही. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये येथील वारली, ठाकूर, कातकरी, कोळी या जमातींची वर्णने आहेत. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ चा. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी महादेव कोळ्यांवर १९५७ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. जव्हारचे मुकणे राजघराणे याच जमातीचे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक तर घरोघरी पोहोचले. पुढे १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर पत्रकार, अभ्यासक, अधिकारी आणि समित्या यांची रीघ लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अहवालांवर जिल्ह्याचे नाव बदलले.

या सर्व लेखनाचे मोल कोणी नाकारणार नाही. मात्र लिहिणारे बहुतेक बाहेरून आलेले होते, ही वस्तुस्थिती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मोखाडा तालुक्याची लोकसंख्या ८३,४५३ होती आणि तीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. या लोकांच्या घरांतून आता पदवीधर निघू लागले आहेत. दिवाळी झाली की पाड्यावरील कुटुंबे कोणत्या मुकादमाबरोबर वीटभट्टीवर जातात, उचल किती घेतात, नागली-वरई संपल्यावर श्रावण-भाद्रपदात घरात काय शिजते, हे बाहेरच्या अभ्यासकाला महिनोन्महिने राहूनही नीट कळत नाही. या मुलांना ते जन्मापासून ठाऊक असते. ज्ञान घरात आहे. ते मांडण्याची रीत तेवढी शिकायची राहिली आहे. ती रीत शिकवली नाही, तर घरचे ज्ञान घरीच राहते आणि अहवालात दुसऱ्याची वाक्ये जातात.

व्यापाऱ्याला परिचित अशी पद्धत

संशोधनपद्धती हा शब्द ऐकला की सामान्य माणूस बिचकतो. व्यापारी समाजाने तरी बिचकण्याचे कारण नाही, कारण तिची मूळ तत्त्वे पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात आहेत. पेढीवर तीन पायऱ्या असतात : रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद. संशोधनाच्याही नेमक्या याच तीन पायऱ्या आहेत.

रोजकीर्दीत व्यवहार ज्या दिवशी झाला त्याच दिवशी, ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने लिहिला जातो. ‘आठवेल तेव्हा लिहू’ म्हणणाऱ्या दिवाणजीला कोणी ठेवत नाही. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याची टिपणवही तशीच असली पाहिजे. तारीख, पाडा, कोणाशी बोलणे झाले, तेथे आणखी कोण हजर होते, त्यांनी काय सांगितले आणि प्रत्यक्ष काय दिसले, हे त्याच संध्याकाळी लिहावे. सांगणाऱ्याचे शब्द एका बाजूला आणि स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला असावे. जमा आणि नावे यांची सरमिसळ झालेली वही कोणालाच उपयोगी पडत नाही. उत्तर देणाऱ्यांची खरी नावे अहवालात येणार नाहीत याची खबरदारी घ्यावी आणि बोलण्यापूर्वी त्यांची संमती विचारावी. ज्याने विश्वासाने घरची अडचण सांगितली, त्याची अब्रू विद्यार्थ्याच्या हाती असते.

दुसरी पायरी खतावणीची. रोजकीर्दीतील नोंदी एकेका खात्यावर चढवल्या म्हणजे कोणाकडे किती येणे आहे ते कळते. विद्यार्थ्याच्या वहीतील शंभर टिपणांतून स्थलांतराची, शाळेची, कर्जाची, आजारपणाची अशी खाती पाडावी लागतात. हे काम कंटाळवाणे असते, आणि बहुसंख्य अहवाल येथेच कोलमडतात. टिपणे जशीच्या तशी ओतली जातात आणि शेवटी ‘यावरून असे दिसते की’ म्हणून काहीतरी निष्कर्ष जोडला जातो.

तिसरी पायरी ताळेबंदाची. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कसलेला मुनीम आकडा खोडत नाही, चूक शोधतो. संशोधनातील सर्वांत मोलाची जागा हीच. समजा, शाळेच्या पटावर चाळीस मुले आहेत आणि पाड्यावर विचारले तर त्यांपैकी बारा जण आई-वडिलांबरोबर भट्टीवर गेलेली निघतात. घाबरलेला विद्यार्थी यांपैकी एक आकडा गाळून टाकतो. चांगला मार्गदर्शक त्याला सांगतो की हे दोन आकडे जुळत नाहीत, तोच तुझ्या अभ्यासाचा विषय आहे. पटावर हजर आणि पाड्यावर गैरहजर अशी मुले किती महिने राहतात, परत आल्यावर कोणत्या इयत्तेत बसतात, त्यांतील किती जण पुढच्या वर्षी टिकतात, हे शोधून काढणे म्हणजेच संशोधन.

शिवाय प्रत्येक नोंदीला पावती लागते, तसा प्रत्येक विधानाला आधार लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील मजकूर इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत जुळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्षाची मनाई होते. आणि साठ टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. आधार देऊन घेतलेले अवतरण या मोजणीत धरले जात नाही. म्हणजे दुसऱ्याचे घेणे हा दोष नाही, घेतल्याचे लपवणे हा दोष आहे. उधारी करणारा लबाड नसतो. उधारी वहीत न दाखवणारा लबाड असतो.

मोजमापाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्वी कापड वाराने विकले जाई, पुढे मीटर आला. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. जुन्या वहीतील शंभर वार आणि नव्या वहीतील शंभर मीटर सारखे मानले तर हिशेब फसणारच. कुपोषणाच्या आकड्यांतही असेच झालेले आहे. अंगणवाडीत पूर्वी बालकांच्या वजनावरून पहिली ते चौथी अशा श्रेणी लावल्या जात. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची वाढमानके स्वीकारली गेली, आणि पुढे उंचीच्या तुलनेतील वजनावरून ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित आणि ‘मॅम’ म्हणजे मध्यम कुपोषित असे वर्ग रूढ झाले. हे न समजता १९९५ चा आकडा आणि २०२० चा आकडा शेजारी ठेवून ‘कुपोषण इतके घटले’ किंवा ‘इतके वाढले’ असे लिहिणे म्हणजे वार आणि मीटर एकाच रकान्यात मांडणे होय. ही चूक विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देणारा एक माणूस भेटला, तर त्याचा अहवाल कचऱ्याच्या टोपलीतून वाचतो.

विषय लहान, काम मोठे

मार्गदर्शकाचे पहिले काम विषय लहान करण्याचे असते. ‘आदिवासींच्या समस्या’ हा विषय कोणालाही पेलणार नाही. ‘माझ्या पाड्यावरील किती कुटुंबे यंदा स्थलांतर करून गेली आणि त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांचा अंगणवाडीतील आहार किती दिवस चुकला’ हा विषय एका विद्यार्थ्याला एका हंगामात पेलतो. पाण्याचा प्रश्नही तसाच आहे. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ पूर्ण झाले. आणि याच तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. ‘पाणीटंचाई : कारणे व उपाय’ असा निबंध कोणीही लिहील. परंतु एका पाड्यावरील दहा घरांत पाणी आणण्यासाठी दिवसाला किती वेळ जातो, तो घरातील कोणाचा जातो आणि त्यामुळे कोणती मुलगी शाळेला मुकते, हे घड्याळ लावून पाहिले, तर दहा घरांचा अभ्यासही ग्रामसभेला उपयोगी पडतो.

प्रश्न विचारण्यातही कसब आहे. ‘शासकीय योजनेचा लाभ मिळतो का?’ असे विचारले तर समोरचा माणूस विचारणाऱ्याला सरकारी समजून सोयीचे उत्तर देतो. ‘काल रात्री घरात काय शिजले?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. आणि ते विचारण्याआधी थोडा वेळ ओटीवर बसावे लागते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. येथील विद्यार्थी घरी वारली, कोकणा किंवा ठाकरी बोलतो, वर्गात प्रमाण मराठी ऐकतो, आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत असतात. तीन भाषांच्या कात्रीत सापडल्यामुळे तो तयार वाक्ये उचलतो. त्यामागे दरवेळी आळसच असतो असे नाही. अशा विद्यार्थ्याला पहिला खर्डा त्याच्या बोलीत लिहू द्यावा. शुद्धलेखनाच्या खुणा त्यावर करू नयेत. सांगायचे ते सांगून झाले की मग भाषा घासून-पुसून घ्यावी. कणसरी, राब, खावटी, लग्नगडी यांसारखे शब्द काढून टाकू नयेत, कारण त्या प्रत्येक शब्दात एक व्यवस्था आहे. पारिभाषिक शब्दांसाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत, स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला ‘भारतीय समाजविज्ञान कोश’ आहे, मराठी विश्वकोश आहे. मराठीतून समाजविज्ञान लिहिता येते याचा पुरावा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ यांनी दिलेला आहे. ही साधने विद्यार्थ्याच्या हाती पडली पाहिजेत.

थोरांची उदाहरणे

विद्यार्थ्याचे लेखन किती मोठे होऊ शकते याचे एक उदाहरण प्रत्येक महाविद्यालयात सांगितले जावे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात एका पंचवीस वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. या निबंधाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी प्रथम मांडल्या आणि प्रत्येकीत काय उणे आहे ते दाखवले. केतकरांच्या व्याख्येचे महत्त्व मान्य करून, त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत हेही स्पष्ट केले. त्यानंतरच आपले मत सांगितले, की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. आणि अखेरीस, आपले विवेचन चुकीचे ठरल्यास ते सोडून देण्याची तयारीही दर्शवली. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आधी इतरांचे नीट वाचावे, मग तपासावे, मग स्वतःचे म्हणणे मांडावे आणि चूक मान्य करण्याची तयारी ठेवावी : याहून उत्तम धडा संशोधनाच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळणार?

दुसरे उदाहरण पुण्याचे. रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजी ग्रंथांचे पाठांतर. गाडगीळांनी अभ्यास बाजारात आणि शेतावर नेला. पुण्यातील फळांच्या व्यापाराची पाहणी १९३३ मध्ये, तर वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. फळबाजारातील दलाली, हमाली आणि वाहतूक हे विद्वानांच्या अभ्यासाचे विषय होऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. एका दात्याच्या देणगीने केवढे कार्य उभे राहते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

तिसरे उदाहरण जैन समाजाच्या अधिक जवळचे आहे. डॉ. विलास आदिनाथ संगवे यांनी जैन समाजाचे सामाजिक सर्वेक्षण हा विषय घेऊन ग्रंथ सिद्ध केला आणि तो १९५९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचे अध्यापन केले. जैनांविषयी तोवर लिहिले गेले ते प्रामुख्याने तत्त्वज्ञान, मंदिरे आणि हस्तलिखिते यांविषयी. संगवे यांनी हयात माणसांकडे पाहिले : त्यांची लोकसंख्या, पंथ आणि पोटभेद, विवाहाच्या रीती, स्त्रियांचे स्थान. आपल्याच समाजाविषयी लिहिताना त्यांनी गुणगान केले नाही, अभ्यास केला. आपल्या माणसांनी आपल्याविषयी आधारासह लिहिणे किती मोलाचे असते, हे जैन समाजाला या ग्रंथामुळे ठाऊक आहे. जे संगवे यांनी जैन समाजासाठी केले, ते वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी घरांतील मुला-मुलींनी आपापल्या समाजासाठी करावे, अशी इच्छा बाळगणे उचितच ठरेल.

मोजणीने धोरण बदलू शकते, हे अलीकडचे उदाहरण सांगते. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगाव जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली. प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा बरेच अधिक असल्याचे ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने २००१ मध्ये महाराष्ट्राला दाखवून दिले. त्याआधी १९९९ मध्ये त्यांचा घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एकोणचाळीस गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी सेवा दिली, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. सुरुवात झाली ती गावात बसून केलेल्या प्रामाणिक नोंदीपासून.

दुकानाची वही

आता थोडे अप्रिय वाटेल असे बोलणे प्राप्त आहे. पावसाळ्यात धान्य संपले की कुटुंबे खावटी काढतात. शासनाने खावटी योजना राबवली होती. परंतु तांदूळ, तेल, मीठ, लुगडे दुकानातून उधार नेण्याची रीत त्याहून जुनी आहे. कोणत्या महिन्यात किती घरे उधारीवर जगली, कोणत्या महिन्यात फेड झाली, ती पिकातून झाली की भट्टीच्या उचलीतून, याची नोंद सरकारी दप्तरात नसते. ती असते दुकानाच्या वहीत. येथील बाजारपेठेतील जुन्या वह्या हे सामाजिक इतिहासाचे फार मोलाचे साधन आहे, आणि त्या बहुधा वाळवीच्या स्वाधीन झालेल्या असतात.

विद्यार्थी अभ्यासाला लागला की एक दिवस तो दुकानाच्या पायरीवर येईल आणि व्याजाचा दर विचारील. त्याच्या अहवालात सावकारी येईल, वजनमाप येईल, मोहाचा आणि वरईचा भाव येईल. उंबरगाव-डहाणू भागात १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला तो वेठबिगारी आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने धनकोच्या घरी राबावे, अशी ती लग्नगडीची रीत. त्या इतिहासात जमीनदारांबरोबर सावकारांचीही नावे आहेत, हे लपवून उपयोग नाही. ज्या समाजाने विद्यार्थ्याला प्रवासखर्च दिला, त्याच समाजाविषयी त्याने काही कटू लिहिले तर काय करायचे, हे साहाय्य देण्यापूर्वीच मनाशी ठरवले पाहिजे. आधार चुकीचा असेल तर दाखवून द्यावा. आधार बरोबर असेल तर ऐकून घ्यावे. निष्कर्षावर हक्क सांगून दिलेली मदत मदत राहत नाही, तो सौदा होतो.

अनेकांताची शिकवण लाभलेल्या समाजाला हे अवघड वाटू नये. वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका ठिकाणाहून त्यांपैकी एकच दिसते, हे ज्याने मान्य केले, त्याने पायरीच्या खालच्या बाजूने दिसणारे दुकानही पाहण्याची तयारी ठेवावी. संशोधकही दुसरे काय सांगत असतो? ‘या पाड्यापुरते, या हंगामापुरते, मिळालेल्या आधारांवरून असे दिसते’ एवढेच तो म्हणतो. त्याहून अधिक म्हणू लागला तर त्याला थांबवणे हे मार्गदर्शकाचे काम.

काय करता येईल

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने मोठी इमारत बांधावी असे नाही. एक खोली, एक कपाट आणि महिन्यातून दोन बैठका एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. कपाटात कोश, जनगणनेच्या पुस्तिका, तालुक्याचे नकाशे आणि या प्रदेशावरील जुने-नवे ग्रंथ असावेत. बैठकीला सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, लेखापरीक्षक, हिशेब समजणारे व्यापारी यांनी यावे आणि विद्यार्थ्यांचे खर्डे मन लावून वाचावेत. विद्यापीठाची पदवी नसली तरी ‘हे कशावरून?’ एवढा एक प्रश्न ज्याला प्रेमाने विचारता येतो, तो उत्तम वाचक होऊ शकतो. पाड्यावर जाण्या-येण्याचा खर्च, छायाप्रतींचा खर्च संस्थेने करावा. पूर्ण झालेल्या प्रत्येक अहवालाची एक प्रत मोखाड्यातच राहावी, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला मागच्याच्या खांद्यावर उभे राहता येईल. आणि विद्यार्थ्याने आपला अभ्यास ज्या पाड्यावर केला, त्या पाड्यावर जाऊन तो तेथील बोलीत वाचून दाखवावा. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी ‘होय, असेच आहे’ किंवा ‘नाही, असे नाही’ म्हणावे, यासारखी दुसरी परीक्षा नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. विद्यार्थ्यासाठी कोणीही एक परिच्छेदही लिहून देऊ नये. आणि तयार अहवाल विकत घेण्यासाठी कोणीही पैसे देऊ नयेत, मग तो मुलगा कितीही गरजू असो. लिहून देणाऱ्याला वाटते की आपण मदत केली. वस्तुतः त्याने विद्यार्थ्याला ‘तुला हे जमणार नाही’ असे सांगितलेले असते. यंत्राविषयीही हेच म्हणता येईल. शब्दाचा अर्थ, इंग्रजी उताऱ्याचा आशय समजून घेण्यासाठी त्याचा जरूर उपयोग करावा. परंतु यंत्र चढ चढून पाड्यावर गेलेले नाही, ओटीवर बसलेले नाही, आणि काल रात्री चुलीवर काय शिजले ते त्याला ठाऊक नाही. ते त्या मुलीला ठाऊक आहे.

एके काळी अंगठा उठवून घेतला जाई आणि कागदावर काय लिहिले आहे हे उठवणाऱ्याला कळत नसे. त्याच घरातील नात आज कागदावर स्वतः लिहू शकते. तिने लिहिलेला पहिला खर्डा चुकांनी भरलेला असेल. तो कोणीतरी शेजारी बसून वाचला पाहिजे, पुन्हा लिहायला लावला पाहिजे, आणि तिसऱ्या वेळी तो बरा झाला की तसे तिला सांगितलेही पाहिजे. हे काम ज्ञानदानाचे आहे. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांच्या रोजकीर्दीत त्याची पहिली नोंद याच वर्षी व्हावी, ही प्रार्थना.